माझ्या पोटातलं शिसं

मी बोलतोय, झिओलाइटचा खडा. नावाला बिचकू नका. ज्वालामुखीच्या राखेतून झालेला साधा दगड मी, फक्त पोटात बारीक बारीक पोकळ्या आहेत. कारखान्यात मला फोडलं, मिठाच्या पाण्यात खदखदा उकळलं. पोकळ्यांत मीठ शिरलं. आता पाण्यात शिसं भेटलं की मीठ सोडायचं आणि शिसं धरायचं, एवढंच माझं काम.

एका फिटरनं मला माझ्यासारख्या ढीगभर खड्यांसोबत आपल्या बहिणीच्या घरी, पिण्याच्या पाण्याच्या टाकीत बसवलं. तिचा नवरा अंगणात जुन्या बॅटऱ्या फोडायचा. त्यातलं शिसं विहिरीत उतरलं आणि त्या पाण्यानं तिची थोरली मुलगी गेली. नवऱ्यानं धंदा बंद केला, पण विहीर काही विसरेना. निदान धाकटी तरी वाचावी, म्हणून मी.

मी जीव तोडून शिसं धरलं. एकेक कण आत शिरताना थोरली जवळ उभी असल्याचा भास व्हायचा. मला भीती वाटायची, खोटं कशाला बोलू!

"ताई, खडे भरले असतील आता. बदलू या," एकदा फिटर म्हणाला.

"आणि हे टाकशील कुठे? दुसऱ्या कुणाच्या लेकराच्या पाण्यात? माझ्या पोरीला नेलं ते यात कोंडलंय. राहू दे माझ्या डोळ्यांसमोर."

तिला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. खडे मिठानंच तयार झालेत, मिठानंच ताजे होतील, असं तिला वाटलं. पुढे एक दिवस तिनं आम्हाला मिठाच्या पाण्यात भिजवलं आणि न धुताच टाकीत भरलं. अहो, मीठ आत आलं की शिसं बाहेर पडतं! मी आक्रोश केला, पण दगडाचं कोण ऐकतं?

"ई! आई, खारट!" धाकटी थुंकली.

आईनं पेला हिसकावला. "किती गेलं पोटात? बोल ना गं!"

"एकच घोट."

शिसं पुन्हा बाहेर पडू नये म्हणून फिटरनं आम्हाला सिमेंटमध्ये कालवून ठोकळा केला, अंगणात भिंतीशी ठेवला. धाकटी माझ्यावर बसून गाणी म्हणते. आई म्हणते, "एका घोटावर निभावलं बाई."

पण एकच घोट कसला! त्या घोटाआधी कित्येक दिवस मी गच्च भरलेला होतो. शिसं माझ्या अंगावरून सरळ तिच्या पेल्यात जात होतं, आणि ते पाणी खारट नव्हतं. तुम्ही तरी सांगा हो त्या माउलीला, पोरीचं रक्त तपासून घे म्हणावं.