आवाज फाटतो, वापरू नये

मित्रांनो, एक गंमत करा. दोन्ही तळहात कानांवर घट्ट ठेवा आणि डोळे मिटा. बाहेरचा गलका कमी झाला ना? आता समजा, त्या तळहातांतून कोणी गाऊ लागले. शेजारी बसलेल्याला त्याचा पत्ताही नाही, आणि तुमच्या डोक्याच्या मधोमध मात्र एक माणूस उभा राहून गातो आहे. तेच माझे काम. मी एक जुना हेडफोन आहे.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबच लांब टेबलावर झाला. ज्या बाईंनी मला घडवले त्या डोळ्याला भिंग लावून बसत. केसाहून बारीक तांब्याची तार त्यांनी माझ्या आत गुंडाळली, आणि गुंडाळताना श्वास रोखून धरला, कारण त्यांच्या श्वासानेसुद्धा तार हलायची. मग कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ पडदा बसवला. गाण्याची वीज आली की तार थरथरते, तार पडद्याला हलवते, पडदा हवेला ढकलतो आणि हवा तुमच्या कानाला. इतके सोपे आहे ते. तरी बाईंनी मला पहिल्यांदा कानाला लावले तेव्हा त्या क्षणभर हात जोडल्यासारख्या बसून राहिल्या. "बोलतोय," एवढेच म्हणाल्या आणि मला पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवले.

खोके उघडले ते एका वाचनालयात. तिथे मागच्या बाजूला गाणी ऐकायची एक खोली होती. एक खिडकी, एक टेबल, दोन खुर्च्या, रेकॉर्ड वाजवायचे यंत्र आणि भिंतीवर माझी खुंटी. यंत्राला पिन लावायची जागा एकच, त्यामुळे एका वेळी एकानेच ऐकायचे. टेबलावर एक जाड वही असे. जो रेकॉर्ड ऐकेल त्याने आपले मत वहीत लिहायचे, असा नियम होता. नाव नाही लिहिले तरी चाले. वही मोकळी आणि पेन मात्र दोरीने बांधलेले. ग्रंथपालबाई म्हणत, "मतं कुणी चोरत नाही, पेनं चोरतात."

किती वर्षे मी राबलो म्हणून सांगू! परीक्षेच्या दिवसांत मुले माझ्यातून परक्या भाषेचे धडे ऐकत. एक अंध आजोबा रोज गोष्ट ऐकायला येत आणि जाताना मला गोंजारून खुंटीला लावत. मला एका गोष्टीचे मात्र हसू येई. हेडफोन लावलेल्या माणसाला आपला आवाज ऐकू येत नाही, म्हणून तो ओरडून बोलतो. शांत वाचनालयात एखादे गृहस्थ एकदम गरजत, "पंखा लावता का जरा?" आणि बाहेर वाचणारी माणसे दचकून बघत.

मग दिवस पालटले. ज्याचे त्याचे हेडफोन ज्याच्या त्याच्या खिशात आले, शेंगदाण्याएवढे. माझ्या कानांच्या गाद्यांवर धूळ बसू लागली.

आणि एके दिवशी ती रेकॉर्ड आली.

गाणारी बाई सत्तरीला टेकलेली होती. तरुणपणी गिटार गळ्यात घालून तिने भरली मैदाने डोलवली होती. पुढे तिचा घसा बिघडला आणि ती अठरा वर्षे गप्प राहिली. अठरा वर्षांनी केलेली ही आठ गाणी. रेकॉर्डच्या पाकिटावर तिचा फोटोही नव्हता, नुसती एक रिकामी खुर्ची. ग्रंथपालबाईंनी सुई ठेवली आणि मला कानांना लावले.

मित्रांनो, मी त्याआधी हजारो आवाज वाहून नेले होते. त्या दिवशी आवाजाने मला वाहून नेले. ड्रमचा ठोका जमिनीखालून आल्यासारखा, त्यावर गिटारची एक तार, आणि मग ती. खोल, जरा खरखरीत, पण असा की जणू ती तुमच्या शेजारी बसून, तुमचे नाव न घेता, तुमच्याशीच बोलते आहे. माझा इवलासा पडदा थरथरत राहिला. मला वाटले, आपण यासाठीच जन्मलो.

पण चौथ्या गाण्यात, अगदी उंच जागी, तो आवाज मोडला. क्षणभरच. मग पुन्हा सावरून पुढे गेला.

बातमी गावभर झाली आणि लोक पुन्हा खोलीत येऊ लागले. पहिले आले कोपऱ्यावरचे टेलरमास्तर. कानावर पेन्सिल खोचलेली, ती मला टोचत होती. चौथे गाणे आले आणि ते मोठ्याने म्हणाले, "बाई, हा फाटलाय."

"काय फाटलंय?"

"तुमचा हेडफोन. वरच्या सुराला फाटतो."

दुसऱ्या दिवशी एका बसचालकानेही तेच सांगितले. तिसऱ्या दिवशी एका कॉलेजच्या मुलीने माझी वायर धरून गदागदा हलवली. शेवटी ग्रंथपालबाईंनी एक चिठ्ठी लिहून दोऱ्याने माझ्या गळ्यात बांधली. 'आवाज फाटतो. वापरू नये.' खरे सांगतो, मलाही ते पटले. इतका मोठा आवाज पेलताना आपलाच पडदा फाटला असणार, आपले वय झाले, असे म्हणून मी मान खाली घातली.

नवा चकचकीत हेडफोन आला. मास्तरांनीच तो पहिल्यांदा लावला. चौथे गाणे आले. मग मास्तर हळूच म्हणाले, म्हणजे त्यांना ते हळू वाटले, पण बाहेरच्या वर्तमानपत्रांच्या टेबलापर्यंत ऐकू गेले, "बाई, हाही फाटलाय."

ग्रंथपालबाई दारात आल्या. "मास्तर, हेडफोन नवा आहे. काल आलाय."

मास्तरांनी सुई मागे घेतली आणि पुन्हा ऐकले. मग आणखी एकदा. वही ओढून त्यांनी बराच वेळ काहीतरी लिहिले. तेव्हापासून दुपारी दुकान बंद करून ते रोज येऊ लागले. माझी चिठ्ठी काढायचे मात्र कोणाच्या लक्षात आले नाही. मी फाटलेला नव्हतो, हे मला कळले होते. जगाला नव्हते.

आता ऐका खरी गोष्ट.

एका दुपारी मास्तर नेहमीप्रमाणे डोळे मिटून ऐकत बसले होते. तेव्हा एक आजी आणि तिची नऊ-दहा वर्षांची नात खोलीत आली. आजीने डोक्याला रुमाल बांधला होता. ती माझ्याच खुंटीखालच्या खुर्चीवर बसली, वही पुढे ओढली आणि म्हणाली, "वाच गं. माझा चष्मा घरी राहिला."

"आजी, चष्मा तुझ्या पिशवीत आहे."

"पिशवीत आहे म्हणजे घरीच आहे असं समज. वाच."

तो आवाज माझ्या कानी पडला मात्र, माझी तार न् तार जागी झाली. मित्रांनो, तीच होती. तिने नुसते 'वाच' म्हटले तरी मी ओळखले असते. रोज दुपारी शेजारच्या नव्या हेडफोनमधून मला तीच तर बारीक ऐकू येत होती.

"पण आपण आलोय कशाला?" नातीने विचारले.

"पाचपर्यंत कंपनीवाल्याला उत्तर द्यायचंय. तो म्हणतो, चौथ्या गाण्यातली ती जागा यंत्राने साफ करून देतो. नव्या प्रतींवर तिथे आवाज मोडणार नाही."

"मग चांगलंय की."

"चांगलं आहे. पण मग ते गाणारी मी नसेन. लोकांनाही ती चूकच वाटत असेल, तर करू दे त्याला साफ. मी पुन्हा गाणार नाही."

नातीने ओठ आवळले आणि वाचायला सुरुवात केली.

"'दुसऱ्या गाण्याला माझा पाय आपोआप हलू लागला. गुडघा हलवू नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं.'" दोघी हसल्या. "'आठांपैकी पाच गाणी उत्तम, दोन बरी, एक फाटकं. गणिताचे सर.' 'आईला घेऊन आले. आम्ही तीन आठवडे बोलत नव्हतो. चौथं गाणं ऐकून आई म्हणाली, चल, जेवायला चल.' 'रोज बस चालवतो. ही बाई माझ्या मागच्या सीटवर बसून गात असते असं वाटतं. आरशात बघतो तर कुणी नसतं.'"

आजी मान खाली घालून ऐकत होती. नात पुढच्या ओळीवर आली आणि अडखळली. "'आवाज चांगला.' पुढचं वाचू?"

"थांब. मला अक्षर दिसत नसेल, पण ओळीची लांबी दिसते. एवढ्या लांब ओळीत दोनच शब्द आहेत होय?"

"अक्षर लागत नाहीये."

"लागतंय तुला. वाच."

नातीचा आवाज बारीक झाला. "'आवाज चांगला होता तेव्हा होता. वय झालं की माणसाने गप्प बसावं. लोक दयेपोटी वाहवा करतात, ते हिला कळत नाही का?'"

आजीची नजर उगाच भिंतीवर गेली, आणि माझ्यावर थांबली. "त्या चिठ्ठीवर काय लिहिलंय?"

नात खुर्चीवर चढली. "'आवाज फाटतो. वापरू नये.'"

मग आजीचे खांदे हलू लागले. ती रडते आहे असे नातीला वाटले, पण ती हसत होती. "बघ की. चिठ्ठी माझी, आणि बांधली बिचाऱ्याच्या गळ्यात." हसता हसता तिने डोळे पुसले. "चल. मिळालं उत्तर."

"एकच राहिलंय, आजी. मोठं आहे." नातीने आजीचा हात धरून ठेवला आणि घाईघाईने वाचले. "'आधी मी म्हणालो, फाटलंय. माझी चूक. कापड शाबूत आहे. शिवण उसवली आहे, आणि आतली माया दिसते आहे.'" तिने वर पाहिले. "माया म्हणजे प्रेम ना? ती शिवणीत कशी दिसेल?"

आजीलाही ते माहीत नव्हते. पण समोर बसलेल्या मास्तरांनी गाणे संपल्यामुळे तेवढ्यात हेडफोन काढला होता. आपली ओळ त्यांनी ओळखली.

"इकडे ये, बाळ. तुझ्या फ्रॉकची कड दाखव." त्यांनी कड उलटली. "हे बघ, शिवताना आम्ही कापड अगदी कडेला कापत नाही. दोन बोटं जास्तीचं आत दुमडून ठेवतो. त्याला माया म्हणतात. वरून कुणाला दिसत नाही. मूल वाढलं की शिवण उसवायची आणि ती माया सोडायची. मग तोच फ्रॉक अंगाला होतो. ज्या शिंप्याने माया ठेवली नाही, त्याचा कपडा वर्षात टाकून द्यावा लागतो."

"आणि फाटलं तर?"

"फाटणं वेगळं, उसवणं वेगळं. फाटलं की पलीकडचं दिसतं. उसवलं की आतलं दिसतं. या बाईने तरुणपणापासून आवाजात माया राखून ठेवली असणार. चौथ्या गाण्यात ती सोडलीय. मी चाळीस वर्षं शिवणकाम करतो, मला पहिल्यांदा ऐकताना कळलं नाही, याची लाज वाटते."

नातीने आजीकडे पाहिले, मग मास्तरांकडे. "ती जागा परत शिवून टाकली तर?"

"तिचं तिने ठरवावं. माझं गिऱ्हाईक असती तर मी सांगितलं असतं, बाई, हात लावू नका. आत्ता कुठे अंगाला बसतंय."

मित्रांनो, मी खुंटीवरून पाहत होतो. आजीने सावकाश डोक्याचा रुमाल सोडला, त्याची घडी घातली आणि पिशवीतून फोन काढला. ती खिडकीशी गेली. खोलीत फोनवर बोलायचे नाही अशी पाटी होती, म्हणून ग्रंथपालबाई लगबगीने उठल्या. पण आजीचे पहिले वाक्य ऐकून त्या होत्या तिथेच उभ्या राहिल्या.

"मी बोलतेय. चौथं गाणं आहे तसंच राहील. नाही, एका सुरालाही हात लावायचा नाही." तिकडून तो माणूस बरेच काही सांगत होता. "हो, ऐकलंय मी, लोक काय म्हणतात ते. वाईटही ऐकलं. तरी."

मास्तरांच्या हातातली पेन्सिल खाली पडली. ती उचलायचे त्यांना सुचले नाही.

मित्रांनो, तुमच्याकडे माझी विनंती आहे. हेडफोन काढताना पिन धरून काढा, वायर ओढू नका, आमची तार फार नाजूक असते. आणि कोणाचेही गाणे असो वा बोलणे, मत द्यायच्या आधी ते एकदा परत ऐका. मास्तरांसारख्या जाणत्या माणसालाही तीनदा ऐकावे लागले. वस्तू जुनी झाली, माणूस थकला, की आपण पटकन चिठ्ठी बांधतो. ती बांधायला एक क्षण पुरतो, पण सोडायला कोणाला आठवत नाही.

माझी सोडली त्या मुलीने. मोठी माणसे फोनकडे बघत असताना ती पुन्हा खुर्चीवर चढली, दोऱ्याची गाठ दातांनी सोडवली आणि मला खाली काढले. नव्या हेडफोनची पिन काढून माझी लावली, चौथ्या गाण्यावर सुई ठेवली आणि मला कानांवर चढवले. ही रेकॉर्ड तिला घरी कधी ऐकू दिली नव्हती. गाणे मात्र तिला येत होते, आजी स्वयंपाकघरात गुणगुणायची म्हणून. माझ्या दोन गाद्यांमध्ये तिचे छोटेसे डोके डोलू लागले, आणि हेडफोन लावलेल्या माणसाला जे कधीच कळत नाही ते तिलाही कळले नाही. ती मोठमोठ्याने गाऊ लागली.

बाहेर वर्तमानपत्रे खाली आली. ग्रंथपालबाईंचे बोट ओठांकडे गेले आणि तिथून परत आले. आजी बोलायची थांबली. तिने फोन कानापासून काढला आणि नातीच्या दिशेने धरला.

उंच जागा जवळ आली. मुलीचा कोवळा आवाज सरळ वर चढत गेला, कुठेही न अडखळता. तिचा घसा निरोगी होता, तिला ती जागा सहज गाता आली असती. पण आजीच्या गुणगुणण्यात तिने ती जागा नेहमी मोडतानाच ऐकली होती, तिच्या लेखी चालच तशी होती. म्हणून तिथे पोहोचल्यावर तिने डोळे घट्ट मिटले, आणि अगदी आजीने मोडला तिथेच, तेवढाच, जपून आवाज मोडला.