आत मोकळं

शर्यतीत छपरावरचा माणूस रेडिओवरून ‘आत मोकळं’ म्हणाला की गाडी वळणाच्या आतल्या बाजूला घ्यायची. विचारायचं नाही, आणि बघायचं तर नाहीच. बघणार कशी? हेल्मेट पट्ट्यांनी जखडलेलं, सीटचे कान डोक्याला दोन्हीकडून भिडलेले, मान वळेल तर शपथ. समोरचा रस्ता तेवढा आपला, बाजूचं सगळं प्रेक्षकांच्या गॅलरीच्या छपरावर उभ्या असलेल्या आपल्या माणसाच्या डोळ्यांवर सोडायचं. मार्ला ट्रॉटमनच्या कानात एकोणीस वर्षं एकच आवाज होता, तिच्या बापाचा, वेंडलचा.

ऑगस्टातल्या त्या रविवारी दुपारी लिंकर क्रीकच्या अर्ध्या मैलाच्या धावपट्टीवर अकरा फेऱ्या राहिल्या होत्या. तो आवाज म्हणाला, “आत मोकळं, पोरी.” मार्ला आत वळली आणि आत टेगन सिगमनची गाडी होती.

टेगन अठरा वर्षांची. तिची गाडी गरकन फिरली आणि बाहेरच्या भिंतीवर जाऊन आदळली. मनगट मोडलं, जीव वाचला. तो नशिबाने वाचला, त्यात कुणाचं कर्तृत्व नाही.

मार्लाला काही ठाऊक नव्हतं असं नाही हो, तिथेच तर सगळं दुखणं होतं. एप्रिलपासून म्हातारा कपाच्या शेजारी कॉफी ओतत होता. छपरावर गाड्या इंजिनाच्या आवाजावरून ओळखत होता. ती म्हणाली होती, “डॅडी, डोळे दाखवून घ्या एकदा.” तर म्हणे, “माझे डोळे ससाण्याचे आहेत. तू तुझं स्टीअरिंग सांभाळ.” आणि तिने विषय सोडून दिला. तो कामाला होता ती कापडगिरणी बंद पडलेली, मार्लाची आई गेलेली. छपरावर चढला की चार माणसं हाक मारायची, “काय वेंडल, काय म्हणते आज पोरगी?” खाली घराच्या ओट्यावर कोण विचारतंय त्याला? एवढा एक मोसम काढू, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

त्यात तीनच दिवसांपूर्वी मूर्सव्हिलच्या एका मोठ्या शर्यत-संघाकडून फोन आला होता. मोठ्या राष्ट्रीय मालिकेतली एक शर्यत, सप्टेंबरात, चांगल्या गाडीत. दिवसभर टायरच्या दुकानात राबून आणि शनिवार-रविवार गाडी पळवून अडतिसाव्या वर्षी हातातोंडाशी आलेला घास. फोनवरचा माणूस एकच म्हणाला होता, “मॅडम, तोवर नावावर बंदीबिंदी नको. पैसे घालणारे बिचकतात.”

शर्यतीचा मुख्य पंच ल्यूथर पोस्टन याने बापलेकीला आपल्या ट्रेलरमध्ये बोलावलं. या धावपट्टीवर कानातलं बोलणं कुणी ध्वनिमुद्रित करत नाही. माणसाचा शब्द हाच पुरावा.

“वेंडल, तू काय सांगितलं होतंस तिला?”

मार्ला खाली बघत होती. चुकलं म्हणा, ती मनात म्हणत होती. नुसतं चुकलं म्हणा. ल्यूथर चार शब्द सुनावेल आणि सोडून देईल.

“मी सांगितलं होतं, आत गाडी आहे म्हणून,” वेंडल म्हणाला. “तिने ऐकलं नाही.”

मार्लाच्या अंगाचा भडका उडाला. एकोणीस वर्षं दुसरं केलं काय मी, म्हाताऱ्या? तुझंच तर ऐकत आले. पण म्हातारा टोपीची कड दोन्ही हातांनी चुरगाळत होता आणि ते तिला दिसत होतं. आपलेच दात, आपलेच ओठ, सांगणार कुणाला?

“हो,” ती म्हणाली. “मला घाई झाली.”

“मग सहा आठवडे बंदी,” पोस्टन म्हणाला आणि कागद पुढे ओढला. सप्टेंबर त्यात गेला.

तेवढ्यात दार ढकलून टेगनचा बाप आला, बोयड सिगमन. थेट दवाखान्यातून आला होता. मार्लाकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. ती काय बोलली ते त्याने दाराबाहेरून ऐकलं होतं.

“मिस्टर वेंडल, हिने तुमचं ऐकलं असतं तर माझी पोर आज घरी असती,” तो म्हणाला. “आमचा छपरावरचा माणूस अगदीच नवशिका आहे. टेगन बरी होऊन गाडीत बसली की तिच्या कानात तुम्ही असावं, अशी माझी इच्छा आहे.”

वेंडलची पाठ ताठ झाली. इतक्या वर्षांत मार्लाचा बाप म्हणून नव्हे, त्याच्या स्वतःच्या कामासाठी त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

“येईन की,” तो म्हणाला. “आनंदाने येईन.”

“नाही येणार,” मार्ला म्हणाली.

तिघेही तिच्याकडे बघायला लागले.

“यांना दिसत नाही. कॉफी कपाच्या शेजारी ओततात, गाड्या इंजिनाच्या आवाजावरून ओळखतात. यांनी मोकळं सांगितलं म्हणून मी आत गेले. एप्रिलपासून मला माहीत होतं आणि मी गप्प बसले.”

“पाच मिनिटांपूर्वी तू वेगळंच सांगितलंस, मार्ला,” पोस्टन म्हणाला.

“बंदी टाळायला बापाला आंधळा ठरवतेस?” बोयड म्हणाला. “जनाची नाही, निदान मनाची तरी ठेव.”

“मूर्सव्हिलचं खूळ शिरलंय तिच्या डोक्यात,” वेंडल म्हणाला. “मनावर घेऊ नका तुम्ही.”

मार्लाला रडू येत होतं आणि ते तिने येऊ दिलं. या माणसाने तिला मांडीवर बसवून गाडी शिकवली होती. त्याच्याशी असं वागायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. पण टेगन पाच आठवड्यांनी परत गाडीत बसणार होती, ती याच आवाजाच्या भरवशावर.

“डॅडी, त्या खिडकीतून बघा. बाहेर कोणाची गाडी उभी आहे?”

वेंडल खिडकीशी गेला. दहा पावलांवर गाडी होती, इंजिन बंद. त्याने मान इकडे कलती केली, तिकडे केली. बराच वेळ घेतला.

“तुझीच,” तो म्हणाला.

बोयडने बाहेर पाहिलं. मग तो भिंतीचा आधार घेऊन खुर्चीवर बसला. पोस्टनने सहा आठवडे खोडले आणि मार्लाला पूर्ण मोसमाची बंदी लिहिली, कारण पंचाशी खोटं बोलल्याची शिक्षा तीच होती.

वेंडल अजून खिडकीशीच उभा होता. त्याने मागे न वळता, अगदी हळू विचारलं, “मार्ला, कोणाची आहे गं?”

“टेगनची, डॅडी.”