बिटाचा रस

सात वर्षांच्या दुन्याला स्नायूंचा एक दुर्मीळ कॅन्सर झालाय आणि तो फुफ्फुसांपर्यंत पोचलाय, हे कळल्यावर निश शहरातलं तिचं अख्खं गणगोत रातोरात डॉक्टर झालं. उपचारांनी तिचं रक्त कमी झालं होतं, आणि रक्त कमी म्हटलं की बिटाचा रस, यावर तिथले राजकारणातले हाडवैरीसुद्धा एकमताचे.

तिच्या आईने, यासेन्काने, सगळ्यांना बजावलं होतं, "डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोरीच्या तोंडात काही घालायचं नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. माना डोलवायला काय जातं!

मंगळवारी सलाईनमधून औषध चालू असतानाच दुन्याला लालभडक लघवी झाली. या औषधाने मूत्राशयातून रक्त जाऊ शकतं, म्हणून डॉक्टर मिलाचिचबाईंनी ते तिथल्या तिथे थांबवलं. यासेन्का हबकली. फुफ्फुसांतल्या गाठी आत्ता कुठे लहान व्हायला लागल्या होत्या, आणि आता औषधच बंद झालं तर?

तपासणीत रक्ताचा थेंबही सापडला नाही. डॉक्टरबाई बाहेर आल्या.

"बीट कोणी दिलं?"

बाकावर आजी, आत्या आणि मावशी पिशव्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"मी आपला पेलाभरच," आजी म्हणाली.

"अगं आई, रोज मी देत होते ना!" आत्या उसळली.

"आणि मी काय पाणी पाजत होते?" मावशी म्हणाली. "माझं निदान परसातलं तरी होतं. तुमचं बाजारचं."

मग कोणाचं बीट अस्सल, यावर तिघींची जुंपली. शेवटी आजीने निकाल दिला, "रक्त नाही ना निघालं? मग गुण बिटाचाच."

यासेन्का तणतणत आत गेली. नर्स औषध पुन्हा सुरू करत होती.

"नको म्हणून सांगितलं होतं ना तुला? का प्यायलीस?"

"नाही म्हटलं की त्या रडतात," दुन्या म्हणाली. "प्यायले की गप्प होतात."

यासेन्काचा राग कुठल्या कुठे गेला. एवढ्या मोठ्या खानदानाला सांभाळायचं काम या केस गळलेल्या पोरीने अंगावर घेतलं होतं आणि आईला त्याचा पत्ताही नव्हता. तिला हुंदका आवरेना.

दुन्याने तिच्याकडे पाहिलं, एक उसासा टाकला आणि हात पुढे केला.

"बरं, दे. तुझा पेला कुठंय?"