न आलेली एकतीस उत्तरं

मित्रांनो, मी एक प्रश्नावली आहे, आणि आता जुनी झाले आहे. मला कागद नाही, शाई नाही. दहिसरच्या एका ग्रामस्थ मंडळाच्या कॉम्प्युटरमध्ये, हिशोबाच्या आणि हळदीकुंकवाच्या फोटोंच्या खाली मी पडून असते. आपलं आयुष्य सांगायला बसलं की जो तो आपली कौतुकं आधी सांगतो. माझ्या कर्त्याची रीत वेगळी होती. देवापुढे उभं राहिलं की आधी चूक सांगावी, मग काय मागायचं ते मागावं, असं ते म्हणत. म्हणून मी माझा अपराधच सांगते.

माझे कर्ते हरेश्वरकाका. त्यांचे वडील कोकणातून गिरणीत आले, काकांनी जन्मभर टीव्ही दुरुस्त केले. निवृत्त झाल्यावर त्यांना दोनच नाद उरले, शनिवारचं कीर्तन आणि मंडळाचे कॉम्प्युटर. एका कचेरीने मोडीत काढलेले बहात्तर कॉम्प्युटर त्यांनी मंडळासाठी मागून आणले, धूळ झटकून चालू केले आणि दहिसरपासून नाहूरपर्यंत गावच्या घराघरांत पोचवले. स्क्रू पिळतानाही ते तोंडाने झांजेचा ठेका धरत.

त्या वर्षी पाडव्यानंतरच्या सोमवारी या सगळ्या कॉम्प्युटरांवर नवा ग्राफिक्स ड्रायव्हर आला. म्हणजे काय, ते सांगते. कॉम्प्युटरच्या पोटात चित्रं काढणारं एक कार्ड असतं. इथे रेघ ओढ, इथे लाल भर, असं त्या कार्डाला समजावणारा छोटा प्रोग्राम म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर. दुभाषाच म्हणा ना. दुभाषा गोंधळला की पडद्यावर रेघा नाचतात, कधी पडदा काळाठिक्कर होतो. हा नवा ठेवायचा की जुना परत आणायचा, हे मंडळाच्या सभेत ठरायचं होतं. काकांना वाटलं, आपण कोण ठरवणार, लोकांना विचारावं. हेतू गंगेसारखा निर्मळ होता. अशा हेतूतून मी जन्मले.

माझा पहिला रकाना नावाचा. मग प्रश्न होता, ‘नव्या ड्रायव्हरमुळे आपला कॉम्प्युटर झकास चालतो ना?’ खाली तीन गोल: फारच झकास, झकास, ठीक. चौथा गोल काकांना सुचलाच नाही. कीर्तनात बुवा विचारतात, ‘देवाची कृपा आहे की नाही?’ आणि सारा मंडप म्हणतो, ‘आहे.’ काकांच्या कानाला विचारण्याची तीच सवय होती. शेवटी त्यांनी ठरवलं, कॉम्प्युटरची चौकशी कॉम्प्युटरवरच करू. कॉम्प्युटर चालू केला की मी पडद्यावर दिसायचे.

आठवड्यात एकेचाळीस उत्तरं आली. ‘ठीक’ एकानेही दाबलं नव्हतं. मला उत्तरांचं गोल चित्र काढता येतं. मी त्या एकेचाळिसांचं पूर्ण वर्तुळ काढलं, हिरवंगार. बहात्तरांपैकी एकतीस घरं बोललीच नाहीत, हे माझ्या पोटात होतं. कुणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. माझ्या वर्तुळात त्यांच्यासाठी एक फटसुद्धा मी ठेवली नव्हती. मित्रांनो, खोटं न बोलताही खोटेपणा करता येतो, तो असा.

सभेत टाळ्या पडल्या. माझ्या वर्तुळाचा रंगीत कागद फळ्यावर लागला आणि वर काकांनी सुरेख अक्षरात लिहिलं, ‘सर्व घरे समाधानी’. कुणीतरी त्याचा फोटो ग्रुपवर टाकला. जुन्या ड्रायव्हरची आता काय गरज, म्हणून काकांनी तो मंडळाच्या कॉम्प्युटरमधून काढून टाकला. त्या दिवशी मी फुगले होते, हे कबूल करते.

ड्रायव्हर आल्यापासून सतराव्या दिवशी जानकी आली. नाहूरला आईसोबत राहणारी मुलगी. मुलुंडच्या एका किचनवाल्यासाठी ती स्वयंपाकघरांची चित्रं काढायची, ओटा कुठे, कपाटं कुठे, सगळं खरंखुरं दिसेल अशी. कॉम्प्युटरचा खोका तिने जुन्या चादरीत गुंडाळून आणला होता.

“काका, माझ्या हातून हा बिघडला बहुतेक,” ती म्हणाली.

“काय झालं गो?”

“चित्राचा प्रोग्राम उघडला की पडदा काळा. दुसऱ्या दिवसापासून तर चालू केल्या केल्या काळा होतो.”

“कधीपासून?”

“पाडव्यानंतरच्या सोमवारपासून.”

काकांचा स्क्रू ड्रायव्हर हातातच राहिला. “मग बोलली नाहीस ती? मी सगळ्यांना प्रश्न पाठवला होता.”

“कुठे?”

“कॉम्प्युटरवर.”

जानकी म्हणाली, “काका, काळ्या पडद्यावर मी तो वाचणार कसा?”

तीच पुढे म्हणाली, “त्यात तो फोटो आला ना ग्रुपवर, सर्व घरे समाधानी. आई म्हणाली, सगळ्यांचं नीट चाललंय, तूच काहीतरी नको ती बटणं दाबली असशील. मलाही तेच वाटलं. दोनदा उघडून ब्रशने साफ केला. किचनवाले आठवडाभर थांबले, मग त्यांनी काम दुसऱ्याला दिलं. त्यांचं तरी काय चुकलं?”

मी तिथेच, काकांच्या पडद्यावर उघडी होते. लाज वाटली तर बंद व्हावं, एवढीही सोय माझ्यात नाही.

काकांची पुतणी नमिता बोरीवलीच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकते. तिने मला वरपासून खालपर्यंत वाचलं.

“काका, हा प्रश्न आहे की आरती? सगळ्यांनी टाळ्याच वाजवायच्या?”

“अगं, ठीक ठेवलंय की.”

“आणि वाईट कुठे ठेवलंयस? त्यात आधी नाव लिहायला लावलंस. ज्याला तू फुकट कॉम्प्युटर दिलास, तो नाव लिहून तुला वाईट म्हणेल? शेजारच्या भीमराजदादाच्या पडद्यावर रेघा नाचतात, परवा जिन्यात सांगत होता. बघ, तुला काय लिहिलंय त्याने.”

काकांनी शोधलं. भीमराज, झकास.

शनिवारी मंडळाच्या सभागृहात कीर्तन होतं. कीर्तनकार मार्तंडबुवा आधी मंडळाच्या कचेरीत चहा घेत. काकांचा उतरलेला चेहरा पाहून त्यांनी विचारलं, तेव्हा काकांनी सगळं सांगितलं. बुवा हसले नाहीत.

“माझंही झालंय असं,” ते म्हणाले. “तरुण होतो, माइक बंद पडला. मी गादीवरून विचारलं, ‘मागे ऐकू येतंय ना?’ पुढची रांग म्हणाली, ‘येतंय, येतंय.’ दोन तास गायलो. शेवटी मागची एक म्हातारी पाया पडायला आली. म्हणाली, बुवा, तुमचे हातवारे फार छान होते हो.”

“मग?”

“मग काय. आता आधी पेटीवाल्याला गायला सांगतो आणि मी स्वतः चपलांपाशी जाऊन बसतो.”

काकांनी कप खाली ठेवला. त्या रात्रीच्या कीर्तनात त्यांची झांज दोनदा चुकली, असं नमिता दुसऱ्या दिवशी सांगत होती.

मला त्यांनी पुसून टाकलं नाही, दुरुस्त केलं. नावाचा रकाना गेला, प्रश्नाच्या शेवटचा तो ‘ना’ गेला. प्रश्न झाला, ‘पाडव्यानंतरच्या सोमवारपासून तुमच्या कॉम्प्युटरचा पडदा कसा चालतो?’ सुधारला म्हणणारे दोन गोल, बिघडला म्हणणारेही दोनच, मध्ये ‘होता तसाच’ आणि शेवटी ‘सांगता येत नाही’. काकांना ‘सुधारला’ म्हणणारा गोलच वर हवा होता. नमिता म्हणाली, “वरचा गोल लोक आळसाने दाबतात. अर्ध्या घरांना चांगलं वर दिसू दे, अर्ध्यांना वाईट.” मग मी सगळ्यांच्या फोनवर गेले. आणि जी एकतीस घरं आधी बोलली नव्हती, त्यांच्याकडे काका मला स्वतः घेऊन निघाले. दारात फोन हातात द्यायचे आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे.

रविवारी आम्ही नाहूरला गेलो. जुना ड्रायव्हर काकांना चार दिवसांच्या शोधानंतर एका पेन ड्राइव्हवर सापडला होता. तो घालून त्यांनी जानकीचा खोका सोबत आणला होता. पण आधी त्यांनी तिच्या हातात मला दिलं आणि पाठ केली. तिचं बोट ‘खूप बिघडला’ या गोलावर आलं आणि थांबलं. ते मला जाणवत होतं.

“काका, तुम्हाला राग नाही ना येणार?”

काका वळले नाहीत. “येईल कदाचित. त्याचं मी बघेन. तू दाब.”

तिने दाबलं. मित्रांनो, एकेचाळीस टाळ्यांनी मला जे दिलं नव्हतं, ते त्या एका बोटाने दिलं.

मग काका तिच्या आईसमोर उभे राहिले. “वहिनी, पोरीने काही बिघडवलं नव्हतं. सोमवारी आलेल्या प्रोग्रामने बिघडलं, आणि मी भलतंच लिहून फळ्यावर लावलं.”

आई पोळ्या लाटत होत्या. त्यांचं लाटणं थांबलं. “हे आधी कळलं असतं भावोजी, तर मी तिला तसं बोलले नसते.”

जानकी म्हणाली, “जाऊ दे गं आई.” पण काका मान खाली घालूनच खोका जोडायला बसले.

सत्तर घरांची उत्तरं आली. एकोणीस घरांत पडदा बिघडला होता. दोन घरांना कुलूप होतं, ती मी माझ्या वर्तुळात पांढरी सोडली. पुढच्या सभेत काकांनी उभं राहून चूक सांगितली, फळ्यावरचा कागद स्वतः काढला, आणि ज्याला जो ड्रायव्हर मानवतो तो त्याच्याकडे राहील असं ठरलं. जानकीचा पडदा उजळला. किचनवाल्यांचं काम मात्र परत आलं नाही. नवं काम मिळेपर्यंत पावसाळा अर्धा सरला. त्या महिन्यांचं मी काय करू?

आता मला कुणी उघडत नाही, आणि त्याचं मला दुःखही नाही. तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुम्हीही कधी कुणाला काही विचाराल, वर्गात, सोसायटीत, घरात. विचारताना उत्तर त्याच्या तोंडात कोंबू नका. त्याला नाही म्हणायला जागा ठेवा. आणि जो काहीच बोलला नाही, तो खूश आहे असं धरू नका, त्याच्या दारापर्यंत जा. मीही गेले होते मित्रांनो, पण तीन आठवडे उशिरा गेले.