तळहाताएवढा तुकडा

धाकटीने दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, सुईत ओवलं आणि गोधडीची कड मांडीवर ओढून घेतली. मांडी कसली, आता सगळं पोटच होतं. समोर खुर्चीवर बसून तिची मोठी जाऊ पिशवीतून एकेक वस्तू काढून दाखवत होती. टोपडी, मोजे, सशांची चित्रं असलेलं मऊ ब्लँकेट.

"तू कशाला ही उसाभर करतेस? आम्ही सगळं नवं घेतलंय."

"जुनं सुती टोचत नाही, ताई."

"टोचत नाही, पण वास येतो गं जुन्याला."

थोरली हे वाकड्यात शिरून म्हणाली नाही. ती वाईट नव्हतीच. असती तर बरं झालं असतं, निदान कडाकडा भांडता तरी आलं असतं. तिची कूस उजवली नव्हती, दवाखाने पालथे घालून झाले होते. आणि धाकटीच्या पदरात दोन. तेव्हा धाकटीच्या नवऱ्याने आपल्या भावाला शब्द देऊन टाकला, हे तिसरं तुमचं. शब्द द्यायला काय जातं? तोंड त्याचं, पोट हिचं!

धाकटी रडली, अन्नावर रुसली, आणि मग मुकाट्याने गोधडी शिवायला बसली. नवऱ्याचा विरलेला सदरा, पोरांची आखूड झालेली झबली, मधोमध तिचा जुना गाऊन. बाळ जाणार ते जाणार. आपल्या हातचं एवढं तरी त्याच्याबरोबर जावं, इतकंच तिला हवं होतं.

"आणखी एक," थोरली पिशवी आवरताना म्हणाली. तिने मान वर केली नाही. "सुरुवातीला काही महिने तू आमच्याकडे येऊ नकोस. लळा लागला की तुलाच जड जाईल."

"हं."

सुई बोटात घुसली होती. धाकटीने ती सावकाश बाहेर काढली.

मुलगी झाली. थोरलीने तिला दवाखान्यातूनच सशांच्या ब्लँकेटात गुंडाळून नेलं. गोधडी उशाशी घडी घालून ठेवली होती, ती तशीच राहिली. विसरली की मुद्दाम ठेवली, हे धाकटीने विचारलं नाही.

घरी आल्यावर ती गोधडी छातीशी धरून झोपायची. दूध थांबेना. गोधडी भिजायची, वाळायची, पुन्हा भिजायची.

"होईल हळूहळू सवय," नवरा म्हणाला. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो चपला घालून बाहेरच निघून गेला.

शेवटी एका सकाळी तिने गोधडी साबणाच्या पाण्यात बुडवली, खसाखसा धुतली आणि गॅलरीतल्या दोरीवर टाकली. पुरे झालं आता, असं स्वतःलाच मोठ्याने म्हणाली.

दुपारी थोरली दारात उभी. एकटीच. डोळे खोल गेलेले, केस पिंजारलेले.

"ती कुठाय?" धाकटीच्या तोंडून आधी तेच निघालं.

"यांच्याजवळ. रडतेय. नुसती रडतेय गं! बाटली तोंडात धरत नाही, खांद्यावर राहत नाही. डॉक्टर म्हणतात, काही झालेलं नाही." थोरली उंबरा ओलांडून आत आली. "ती गोधडी दे."

धाकटीने गॅलरीकडे बोट केलं. थोरली जवळजवळ धावली, दमट गोधडी ओढून तोंडाशी धरली आणि तशीच थबकली.

"धुतलीस?"

"आज सकाळीच."

थोरली कठड्याला टेकून ढसाढसा रडली. रडता रडता तिची नजर धाकटीच्या अंगावरच्या गाऊनवर गेली. छातीपाशी दुधाचे डाग होते. मागायला मात्र तिची जीभ रेटेना.

धाकटी आत गेली, गाऊन बदलून आली. येताना कात्री आणि सुईदोरा घेऊन आली. थोरलीने हात पुढे केला, पण धाकटीने गाऊन तिच्या हातात दिला नाही. मांडीवर घेऊन डागातला तळहाताएवढा तुकडा कापला आणि गोधडीच्या मधोमध ठेवून लांब लांब टाके घालायला लागली. चटकन उसवतील असे.

"एवढाच? बाकीचा?"

"वास चार दिवसांत जाईल. मग हा काढून दुसरा लावावा लागेल."

"येईन ना मी न्यायला. तू म्हणशील तेव्हा."

धाकटीने शेवटचा टाका घेतला.

"एकट्या येऊ नका, ताई," ती म्हणाली, आणि दोरा दातांनी तोडला.