कारभारीकाकांचा बल्ब

“बल्ब काढला अन् लाईट आल्याचं कळलं न्हाई, तं माझ्या गव्हाला पाणी तुझा तारा देणारे का?” कारभारीकाका बांधावरूनच कडाडले.

“तारा न्हाई काका, देवयानी दीर्घिका! तिचा उजेड पंचवीस लाख वर्षं चालून आलाय इथं!” मी म्हणाले.

“मंग अजून एक दिवस थांबंल की!”

पप्पा हसले. माझ्या पप्पांचं नाव कल्याण; ते भोकरदनला जळालेल्या मोटारींना नवी तार भरतात. शेकडो वेढे मोजतात, कधी म्हणजे कधी चुकत नाहीत! शेतातली लाईट रात्री कधीही येते, म्हणून जो तो विहिरीवर बल्ब चालूच सोडतो. तो पेटला की वस्तीवरून पळत यायचं. काकांच्या त्याच बल्बनं आमचे आधीचे सगळे फोटो पांढरेफटक केले होते. आणि उद्यापासून चंद्राचा उजेड आड येणार होता.

“भाऊ, लाईट आली की मी सोता येऊन उठवतो. बिलकुल चुकणार न्हाई,” पप्पा म्हणाले.

काकांनी कुरकुरत बल्ब काढला, खिशात टाकला आणि वस्तीवर गेले.

पप्पांचं यंत्र म्हणजे दोन फळ्या, एक बिजागरी, एक बोल्ट. बोल्ट मिनिटाला एक फेरी फिरवला की वरचा जुना कॅमेरा आभाळाबरोबर सरकतो. एकेका मिनिटाचे तीस फोटो काढायचे आणि लॅपटॉपवर एकावर एक बसवायचे. बोल्टला हात फक्त पप्पांचा. मी आपली सेकंद मोजणारी!

एकविसाव्या फोटोला बांधाजवळची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, गुणगुणली. लाईट आली! पप्पांची बोटं बोल्टवर, नजर वस्तीकडे.

“जा ना पप्पा, मी फिरवते!”

“हळू, अर्पिता. ताण न्हाई, ढील न्हाई.”

आणि पळाले. चपला इथंच!

उरलेले सगळे फोटो मी एकटीनं काढले. श्वाससुद्धा मोजून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुकानात लॅपटॉपवर तीस फोटोंचा एक झाला आणि काळोखात तिरपी, दुधाळ अशी देवयानी उमटली. मी किंचाळलेच! पप्पांनी बोटं पँटला पुसली, तरी स्क्रीनला हात लावला नाही.

तेवढ्यात दुरुस्तीला टाकलेली दुसरी मोटार न्यायला काका आले. स्क्रीनला नाक लावून म्हणाले, “माझा बल्ब कुठंय ह्यात?”

“न्हाई ना. म्हणून तर ती दिसून राह्यली,” पप्पा म्हणाले.



“पुढच्या अमावस्येला बल्ब परत काढतो,” काका म्हणाले. “पण उठवायला तूच ये.”

पप्पांनी कॅलेंडरवर अमावस्येला गोल केला, तार हातात घेतली आणि त्या दिवशी वेढे मोजताना दोनदा चुकले.