उंच केलेली गाडी

गाडी घरी आली तेव्हा तिच्या फरशीपर्यंत पाय उचलायला काही कष्ट पडत नव्हते. दाराखाली लोखंडी पायरी होती. तिच्यावर एक पाय, आत दुसरा, की झाली स्वारी सीटवर. हे इतकं सोपं होतं, की बाईंनी पहिल्या दिवशी नवऱ्याच्या आधी चढून दाखवलं आणि वर हॉर्नही वाजवला.

गाडी तीस वर्षांची. चारही चाकांना जोर लागणारी, डब्यासारखी, पत्रा जागोजागी गंजानं खाल्लेला. विकणाऱ्यानं "इंजिनाला हात लावायची गरज नाही" असं शपथेवर सांगितलं होतं. म्हणजे आधी तिथेच हात लावावा लागणार, हे बाईंना कळून चुकलं. नवरा मात्र हरखला होता. कारखान्याच्या टूलरूममध्ये चौतीस वर्षं टर्नर म्हणून काढलेला माणूस. निवृत्त झाल्यावर सात महिने खुर्चीत बसून भिंतीकडे बघत होता. कुणी हाक मारली तर दोन हाकांनी वळायचा. त्याला कारखान्यात 'अर्धासूत' म्हणत, कारण मापात अर्ध्या सुताची चूक झाली तरी तो अख्खा नग भंगारात टाकायचा. घरात बसल्यावर मोजायला काही उरलं नाही आणि माणूस फुकट गेला.

म्हणून, गाडी घ्यायच्या आधी, बाईंनी चौकीचा विषय काढला होता.

बाईंचे वडील हवामान खात्यात. डोंगरावरच्या चौकीत राहून दिवसातून तीनदा वारा आणि पाऊस मोजायचे. बाई तिथे जन्मल्या आणि अकरा वर्षांच्या होईपर्यंत तिथेच वाढल्या. पुढे खात्यानं चौकी बंद केली, कडा ढासळला, रस्ता गेला. आता तिथे साधी गाडी जात नव्हती आणि पायी म्हणजे नऊ किलोमीटरचा चढ. बाईंना फार काही नको होतं. त्या चौकीच्या उंबऱ्यावर एकदा बसायचं होतं, लहानपणी बसायच्या तसं, पोटभर. इतकंच.

"एवढंच ना?" नवरा म्हणाला आणि खुर्चीतून उठला. तो उठला तो उठलाच.

गाडी दारात आल्यावर आधी तो एकटा पायी वर जाऊन आला. वाटेतला एकूण एक खडक टेपनं मोजून वहीत उतरवून आणला. कुठला खडक किती वर आलाय, कुठला चर किती खोल, वळणाला किती जागा. मग जेवणाच्या टेबलावर कागद पसरून आख्खं ड्रॉइंग काढलं. "हे बघ," तो म्हणाला, "हा सगळ्यात वाईट खडक. हा गाडीच्या पोटाखालून निघाला पाहिजे, म्हणजे साडेसहा इंच उंची वाढवावी लागणार. त्याच्याशिवाय जमायचं नाही."

"वाढवा की मग," बाई म्हणाल्या. बाईंचा डावा गुडघा तेव्हा नुसता कुरकुरत होता.

मागच्या शेडमध्ये काम सुरू झालं. पहिले चार महिने चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांत गेले. जुने पाटे सोडवताना नट इतके गंजलेले, की पाना निसटून त्याची बोटं सोलली, आणि भल्या माणसानं आयुष्यात न दिलेल्या शिव्या दिल्या. बाईंना त्या ऐकून बरं वाटलं. जिवंत माणूसच शिव्या देतो. नवे जाड पाटे बसले, गाडी तीन इंच वर गेली. मग त्यानं जॅक लावून एकेक चाक अधांतरी सोडून पाहिलं, तर ब्रेकचा रबरी पाइप ताणून तारेसारखा झालेला. खड्ड्यात चाक लोंबलं असतं तर पाइप तुटून ब्रेकच गेला असता. त्यानं चारही पाइप लांब करून घेतले आणि महिनाभर येईल जाईल त्याला ती गोष्ट सांगितली.

मग मोठे टायर आले. गाडी आणखी दीड इंच वर. मग चासी आणि वरच्या बॉडीच्या मध्ये स्वतः लेथवर काढलेल्या दोन-दोन इंचांच्या चकत्या. एकूण एक चकती सारखी, नखभराचा फरक नाही.

गाडी वर जात होती तसतसा बाईंचा गुडघा खाली बसत होता. आता जिना एकेक पायरी, उजवा पाय आधी, कठडा धरून. ते सगळं तो शेडमध्ये असताना. तो समोर असला की बाई ताठ उभ्या राहायच्या आणि काही खाली पडलं तर त्यालाच उचलायला सांगायच्या.

हे फक्त त्यांच्या धाकट्या भावाला ठाऊक होतं. तो औषधाच्या दुकानात कामाला होता आणि गोळ्या तोच आणून द्यायचा. चौकी सुटली तेव्हा तो पाळण्यात होता, त्यामुळे त्याला तिची काही मातब्बरी नव्हती. एका दुपारी नवरा अंघोळीला गेला असताना तो शेडमध्ये डोकावला, तर ताई गाडीच्या दाराशी, दांडा धरून, रंगाच्या डब्यावर चढलेली.

"काय गं, सर्कशीत जाणारेस का?"

"ओरडू नकोस. बघत होते, पाय पोचतो का."

"पोचतो?"

"डब्यावरून पोचतो."

"मग डबा ने बरोबर," भाऊ म्हणाला. पण तिचा चेहरा बघून त्याचं हसू गेलं. "ताई, भाऊजींना सांगून टाक ना. उगाच दुखणं अंगावर काढतेस."

"सांगितलं की काय होईल, माहितीये तुला? त्यांचा एक नट बसला नाही तर अख्खी गाडी खोलतात. माझा गुडघा बसत नाही म्हटल्यावर मला कॉटवर टाकतील आणि गाडी विकतील. आणि परत त्या खुर्चीत जाऊन बसतील. ते मला बघवायचं नाही. आणि खात्यानं पत्र पाठवलंय, या महिनाअखेर चौकी पाडणार. आता नाही तर कधीच नाही."

"आणि वर गेल्यावर काय करशील?"

"वर गेल्यावर बघीन," बाई म्हणाल्या. हे काही उत्तर नव्हतं, हे दोघांनाही कळलं.

एक प्रयत्न त्यांनी करून पाहिला. नवरा दाराखालची लोखंडी पायरी कापायला निघाला, तेव्हा त्या म्हणाल्या, "राहू दे की ती. बरी दिसते."

"बरी दिसते? अगं, खडकाला पहिली तीच लागणार. वाकली की दार उघडायचं नाही." ग्राइंडर सुरू करता करता तो म्हणाला, "आणि तुला कशाला हवी पायरी? तू तर माझ्याआधी चढतेस."

दोन वर्षांपूर्वी ते खरं होतं. पायरी कापली गेली. माणसानं वाटेतले सगळे दगड मोजले होते आणि बायको मात्र आठवणीतली धरली होती. पण त्याला एकट्याला दोष देऊन चालणार नाही. बाईंनी खरं माप त्याच्या हाती लागूच दिलं नव्हतं.

निघायचा दिवस ठरला. बाईंनी जेवणाचे डबे, पाण्याचा कॅन, चादरी असं इतकं सामान काढलं, की गाडी घराच्या ओट्याला लावण्यावाचून गत्यंतर नव्हतं. घरचा ओटा चांगला कमरेइतका. गाडी लागली, सामान चढलं आणि सामानाबरोबर बाईही सहज पाऊल टाकल्यासारख्या सीटवर जाऊन बसल्या. नवरा पुढे टायरची हवा बघत होता. भाऊ पोचवायला आला होता. त्यानं बहिणीकडे बघून हात जोडले.

गाडीनं मात्र दोन वर्षांचं सोनं केलं. चरात चाक लोंबलं, पाइप ताणला गेला नाही. सगळ्यात वाईट खडक आला तेव्हा नवऱ्यानं गाडी थांबवली, खाली उतरून तो पुन्हा मोजला, आणि मग पहिल्या गियरमध्ये मुंगीच्या चालीनं गाडी वरून काढली. खाली कुठे खरचटल्याचा आवाजसुद्धा आला नाही. "बघितलंस?" तो म्हणाला. बाईंनी त्याच्याकडे बघितलं. निवृत्तीनंतर त्याचा चेहरा असा कधी दिसला नव्हता. त्यांना फार बरं वाटलं.

चौकी उभी होती. छपराचा अर्धा पत्रा उडालेला, खिडकीला काच नाही, पण भिंती शाबूत. पुढे फूटभर उंचीचा ओटा, त्याला एक दगडी पायरी आणि मध्ये दार नसलेला उंबरा. नवरा चाकं बघायला मागे गेला तेवढ्यात बाई सीटवर पालथ्या झाल्या, दांडा धरला आणि पोत्यासारख्या घसरत खाली आल्या. गुडघ्यातून कळ गेली ती थेट डोळ्यांत. त्यांनी साडी झटकली आणि उभ्या राहिल्या.

"अर्धा तास हं," नवरा घड्याळ बघत म्हणाला. "ऊन असेपर्यंत तो खडक पार झाला पाहिजे."

बाई आत गेल्या. स्वयंपाकाची खोली एवढीशी होती. आठवणीत तर तिथे धावता यायचं. मागच्या खिडकीतून खालचे ढग दिसायचे, ते आजही होते. वाऱ्याचा वेग मोजायच्या यंत्राचा खांब वाकून पडला होता. सगळं बघून त्या पुढे आल्या आणि उंबऱ्याशी थांबल्या. बसायचं होतं ते इथे. पण उंबरा केवढासा, जेमतेम चार बोटं उंच. बसलं तर उठायचं कसं? उठताना सगळं उघडं पडणार. त्या चौकट धरून उभ्याच राहिल्या. एवढा खटाटोप करून इथवर यायचं आणि उभ्यानं परत जायचं! त्यांना स्वतःचाच असा राग आला, की सांगता सोय नाही.

"चल, बस," नवऱ्यानं गाडीचं दार उघडून धरलं.

बाई गाडीपाशी गेल्या. दांडा धरला. पाय उचलला. तो अधांतरी थांबला आणि खाली आला. पुन्हा उचलला. पुन्हा खाली.

"काय झालं?"

"नाही जात," बाई म्हणाल्या. "वर्ष झालं, नाही जात."

"वर्ष झालं? आणि मी वर्षभर गाडी वर वर नेतोय! एका शब्दानं सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काम थांबवलं असतं."

"अर्थात थांबवलं असतं!"

"म्हणूनच नाही सांगितलं. तुम्ही परत त्या खुर्चीत बसलेले मला नको होतात."

तो गाडीला एक फेरी मारून आला. डोळे पुसले की घाम पुसला, ते बाईंना दिसलं नाही. "उचलून ठेवतो," तो म्हणाला.

"पाठीतून मोडाल. मग आपल्या दोघांना कोण उचलणार?"

त्यानं दगड रचून पायरी करून पाहिली. स्वतः उभा राहिला, तर ती डुगडुगली. लाथ मारून त्यानं दगड पसरून दिले. मग त्यानं खिशातून टेप काढला.

"पाय उचल. दुखेल तिथे थांब."

बाईंनी पाय उचलला. त्यानं खाली बसून माप घेतलं. आठ इंच. गाडीची फरशी एकोणतीसवर, चौकीचा ओटा बारा. ओट्यावरून चढायचं म्हटलं तरी राहिले सतरा, त्यातले आठ तिचे. "नऊ इंच," तो म्हणाला. "गाडी नऊ इंच खाली घ्यायची. चाकांसाठी खणतो."

त्यानं फावडं काढलं. दोन वर्षं जी गाडी एकेक इंच वर चढवली, ती खाली आणायला तो ओट्यालगतचा मुरूम फोडू लागला. मुरूम कसला, दगडच. "तू बस कुठेतरी," तो न बघता म्हणाला. "वेळ लागेल."

आता लपवायचं काही उरलं नव्हतं. बाई चौकट धरून हळूहळू खाली टेकल्या आणि उंबऱ्यावर बसल्या. डावा पाय लांब केला. ऊन पायांवर येत होतं. समोर डोंगराची उतरण आणि त्याखाली ढग, आणि मध्ये हा माणूस धापा टाकत खणतोय. कुणी घड्याळ बघत नव्हतं. त्यांना आईची हाक आठवली, वडिलांचं दिवसातून तीनदा वारा मोजायला उठणं आठवलं. मग काहीच आठवेनासं झालं आणि त्या नुसत्या बसून राहिल्या. फार सुखात होत्या.

तासाभरानं त्यानं गाडी पुढे घेतली. डावी चाकं चरांत उतरली, गाडी ओट्याकडे कलली. त्यानं हात देऊन बाईंना उठवलं.

"बघ आता."

बाईंनी दांडा धरला. पाय उचलला. तो अलगद फरशीवर गेला आणि टेकला. बाईंनी तो परत खाली घेतला.

"नाही हो जात," त्या म्हणाल्या. "अजून दोन इंच खणा."

त्यानं टेप लावला. नऊ भरले. त्यानं पुन्हा लावला, पुन्हा नऊ. मग त्यानं मान वर करून बायकोकडे बघितलं. बाई उंबऱ्याकडे बघत होत्या.

"बरं," तो म्हणाला. त्यानं गाडी मागे घेतली आणि फावडं उचललं.